पाहुणे कोण, एवढं तरी कळवायचंस!

सीवा,
खजूर उतरवायच्या आधीचा आठवडा

चि. सनूसी यास,

थोरला भाऊ मक्की याचा सलाम. आशीर्वाद पाठवत नाही, सध्या शिल्लक नाहीत. तुझी तब्येत कशी आहे? मला जाणून घ्यायची नाही, पण पत्राच्या सुरुवातीला विचारायची रीत आहे म्हणून विचारलं. गुडघा दुखत असेल तर दुखू दे. तुझ्या बायकोला, झुलेखाला, आणि मुलींना मात्र मनापासून दुआ, त्या बिचाऱ्यांचा काय दोष? आणि पुतण्याला, अन्वरला, माझ्या वाटचे दोन मुके दे. (पोरगा लग्नाचा झाला हे मला ठाऊक आहे. तरी दे.)

तू म्हणशील, मक्कीने शपथ मोडली. मोडलेली नाही. तुझ्याशी जन्मात बोलणार नाही अशी शपथ मी मशिदीच्या दारात चारचौघांसमोर घेतली होती. लिहिणार नाही असं म्हटल्याचं त्या चौघांपैकी एकाने तरी सांगावं. इमामांनाही विचारून घेतलं. ते म्हणाले, लिहायला हरकत नाही, फक्त लिहिताना मोठ्याने वाचू नकोस. म्हणून ओठ घट्ट मिटून लिहितो आहे आणि त्यामुळे राग सगळा आत साचतो आहे. जिथे कागद फाटला असेल तिथे तो बाहेर आला असं समज.

तर पाहुणे. बसवाला जिब्रील दोन आठवड्यांपूर्वीच्या शुक्रवारी दारात आला आणि म्हणाला, “मक्कीचाचा, सनूसीने अलेक्झांड्रियाहून दोन माणसं पाठवलीत. तळी, देवळं, पडका किल्ला, सगळं दाखवून आण.” बस्स! ना नाव, ना गाव, ना नातं. मला वाटलं, असतील याच्या ओळखीतले कुणी हिंडफिरे. आता मला सांग, हे अन्वरच्या होणाऱ्या बायकोचे आईबाप आहेत आणि मुलाचं घराणं पारखायला आलेत, एवढं एक वाक्य जिब्रीलच्या तोंडात घालायला तुझ्या बापाचं काय जात होतं? (आपला बाप एकच होता हे मला माहीत आहे. अल्ला त्यांना जन्नत देवो.) सांगितलं असतंस तर मी चार सभ्य माणसांसारखं खोटं बोललो असतो. आता पोराचं लग्न माझ्या जिभेवर लटकलं आहे, आणि माझी जीभ कशी आहे ते सगळ्या सीवाला ठाऊक आहे. तुला तर सगळ्यांत जास्त.

जे जे झालं ते क्रमाने सांगतो, म्हणजे तुला झोप लागणार नाही.

साहेब, म्हणजे सफवत बे, बसमधून उतरले ते पांढऱ्या बुटांत. मागोमाग त्यांच्या बाईसाहेब, इनायत हानिम, हातात छत्री. बाई बघताक्षणी माझ्या लक्षात आलं की प्रश्न विचारणाऱ्यांतली आहे. त्यांना गाढवाच्या गाडीवर बसवलं, खाली पेंढ्याची पोती घातली, आणि निघालो. आता एक गोष्ट तुला माहीत नाही, ती सांगणं भाग आहे. जुनं गाढव गेल्यावर मी नवं घेतलं आणि आपलं भांडण नुकतंच झालेलं असल्यामुळे त्याचं नाव सनूसी ठेवलं. आमच्या घरात आता कुणाला त्याचं काही वाटतही नाही. पण जरा विचार कर, अलेक्झांड्रियाहून आलेले व्याही गाडीत बसलेत आणि मी ओरडतो आहे, “चल सनूसी, चल हरामखोरा! दुसऱ्याच्या कुंपणात तोंड घालू नकोस! सनूसी, दिसलं हिरवं की सुटलास!” हानिमने छत्री बंद केली आणि विचारलं, “हे नाव का बरं ठेवलंत?” मी म्हटलं, “गुणांवरून.” त्यानंतर बाजारापर्यंत दोघं एकमेकांकडे बघत बसले. मला वाटलं, प्रवासाने दमले असतील.

दुसऱ्या दिवशी मिठाच्या तळ्यावर नेलं. सफवत बेंनी सकाळी गुळगुळीत दाढी केली होती. मी त्यांना सांगायला हवं होतं की दाढी करून त्या पाण्यात कुणी उतरत नाही. पण इथे शेंबडं पोरही जे जाणतं ते शिकल्या-सवरल्या माणसाला काय सांगायचं! ते उतरले, त्या पाण्याने त्यांना भोपळ्यासारखं वर उचललं, आणि मग दाढी झोंबायला लागली. उलटे व्हायला जावं तर पाणी उलटं होऊ देत नाही, डोळे चोळावेत तर हात खारट. माणूस तळ्याच्या मधोमध तरंगत आपल्या आईला हाका मारतो आहे, आणि मी काय करावं? मी हसलो. साधं नाही, काठावर बसून, पोट धरून, पगडी सुटेपर्यंत हसलो. (त्यांना बाहेर ओढलं तेव्हाही मी हसतच होतो, म्हणून एकदा हातातून सुटले.) नंतर गोड्या झऱ्यावर नेऊन धुतलं, पण भुवया संध्याकाळपर्यंत पांढऱ्याच होत्या. व्याह्यांना व्याह्यांनी असं धुतल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

तिसऱ्या दिवशी शाली, आपलं जुनं गाव. हानिम पडक्या किल्ल्याकडे बघून म्हणाल्या, “असं पडू कसं दिलंत तुम्ही?” माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, “बाईसाहेब, खाऱ्या चिखलाची घरं आहेत. आमच्या आजोबांच्या लहानपणी पाऊस पडला, तीन दिवस थांबला नाही, आणि साखर विरघळावी तसं गाव विरघळलं. आम्ही खाली उतरलो आणि पुन्हा बांधलं. तुमच्या शहरात नुसतं भुरभुरलं की रस्ते तुंबतात, ते कुणी तुंबू दिलं?” त्या नुसत्या मान हलवून बघत राहिल्या. आता कळतंय, त्या किल्ला बघत नव्हत्या, मला बघत होत्या.

आणि मग ते कौल देणारं जुनं देऊळ, सनूसी. खरा घात तिथे झाला. वर जाऊन बसलो, खाली खजुराची रानं, पलीकडे तळं. मी चहा केला. पहिला पेला झाला, दुसऱ्यात पुदिना घालतोय तेवढ्यात हानिम अगदी सहज म्हणाल्या, “आम्हाला इथे पाठवलं तो तुमच्या गावचा सनूसी, माणूस कसा आहे हो?” अरे, तुझ्या शहराला ज्याचं नाव आहे तो ग्रीक राजा एवढं वाळवंट तुडवून त्या देवळात आला, एक प्रश्न विचारला आणि गुपचूप परत गेला, कारण पुजाऱ्याने त्याला हवं तेच सांगितलं. त्या पुजाऱ्याला अक्कल होती. मला वाटलं, या बाईचा तू भाडेकरू असशील आणि तिला तुझ्याबद्दल तक्रार असेल. आपल्यासारखंच कुणी पोळलेलं माणूस भेटलं की जीभ कशी सुटते! मी चहा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं.

म्हणजे झाडाचं सांगितलं. बाबा गेल्यावर बाग वाटताना आपण दोरी धरली आणि ती नेमकी त्यांनी लावलेल्या खजुराच्या बुंध्यातून गेली. मी म्हटलं झाड माझं, मी थोरला. तू म्हणालास झाड माझं, बाबांनी लावलं तेव्हा रोपाला पाणी मी घातलं होतं. मग निम्मे घड तुझे ठरले, आणि तू रात्रीतून चढून माझ्या बाजूचे दोन घड दोरीने ओढून तुझ्या बाजूला वळवलेस. (ते मी परत वळवले, पण मी दिवसाढवळ्या वळवले.) हे सांगितलं. तू हट्टी आहेस हे सांगितलं. पानात वाढलेलं सोडून दुसऱ्याच्या पानातलं खातोस हे सांगितलं. घरातून निघताना दरवेळी उंबऱ्यात रडतोस, बस चुकते आणि परत येऊन जेवतोस, हेही सांगितलं. बे म्हणाले, “आणि मुलगा?” मी म्हटलं, “मुलगा सोन्यासारखा आहे, तो माझ्यावर गेलाय.” एवढंच एक वाक्य तुझ्या बाजूने गेलं, आणि तेही माझ्या बाजूचं होतं.

शेवटच्या संध्याकाळी जमिनीत पुरून भाजलेलं कोंबडं, ऑलिव्ह, भरपूर तेल, सगळं थाटात केलं. हानिम आत बायकांत जेवायला बसल्या. थोड्या वेळाने खदूजा पडद्याआडून खोकायला लागली. माझी बायको असं खोकते तेव्हा घराला आग लागलेली असते. मी आत गेलो तर तिने माझा दंड असा चिमटला की अजून निळा आहे. “अहो, त्या बाईकडे आपल्या अन्वरचा फोटो आहे! शेजारी तिची मुलगी उभी आहे, रीम! अख्खा आठवडा काय बरळत होतात तुम्ही?” बाहेर येऊन म्हटलं, बे, सनूसी तसा मनाने चांगला आहे हो. बे म्हणाले, “गाढव की भाऊ?” सकाळच्या बसने गेले. जाताना बेंनी हात मिळवला तो दुकानाचं दार ओढून घ्यावं तसा.

सनूसी, मी तुझ्यावर संतापलो आहे, आणि माझ्यावरही, पण तुझ्यावर जास्त. आम्हाला मूलबाळ नाही हे तुला सांगायला नको. अन्वर दर उन्हाळ्यात इथे यायचा, माझ्या खांद्यावर बसून खजूर तोडायचा, आणि आपण बोलेनासे झालो तेव्हापासून तू त्याला पाठवणं बंद केलंस. झाड वाटून घे, घड वळव, पण पोरगा कसा वळवलास? आणि आता त्याचं लग्न ठरायचं तर थोरला मी असताना तू एका शब्दाने विचारलं नाहीस. आपल्यात मुलीला मागणी घालायचा मान थोरल्याचा, हे तू विसरलास की मुद्दाम विसरलास? मोडलं लग्न तर त्याला सांग की काका… नको. काही सांगू नकोस. त्याला वाईट वाटेल आणि मला ते सहन होणार नाही.

तुझा (कागदोपत्री)
थोरला भाऊ
मक्की

ता. क. पत्र चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. आत्ता जिब्रील येऊन गेला. हानिमने मिठाईचा डबा आणि तोंडी निरोप पाठवलाय. निरोप असा: “अलेक्झांड्रियात ज्याला विचारावं तो सनूसीचं गुणगान करायचा, म्हणून आम्हाला शंका आली होती. त्याच्या वैऱ्याला भेटावं असं ठरवलं. वैऱ्याने मनापासून, चहा थंड होईपर्यंत शिव्या दिल्या, आणि शेवटी निघालं काय, तर माणूस झाडासाठी भांडतो आणि निरोप घेताना रडतो. मुलगी द्यायला आमची हरकत नाही. तुम्ही मागणी घाला.” वैरी म्हणे! मला वैरी म्हणायचा अधिकार त्या बाईला कुणी दिला? बेंचा निरोप वेगळा आहे: पुढच्या वेळी दाढी न करता येतो.

ता. क. दुसरा. मागणी घालायची म्हणजे मला तुझ्या शेजारी बसून बोलावं लागणार, आणि शपथ तर मोडता येत नाही. यावर उपाय एकच. येत्या पौर्णिमेला दकरूरच्या डोंगरापाशी आपली समेटाची जत्रा आहे. सगळं सीवा एका पंगतीला बसतं, एका परातीत हात घातला की वर्षाची भांडणं तिथेच संपतात. शपथही संपते, आपल्याला मोडावी लागत नाही. तू तिथे फिरकत नाहीस ते याचमुळे, हे मला माहीत आहे. या वेळी ये. व्याह्यांना आण. अन्वरला आधी पाठव.

ता. क. तिसरा. जिब्रीलबरोबर ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं जे येतंय ते उन्हात ठेवू नकोस. खजुराचा गाभा आहे. मुलाकडून मुलीकडे हाच जातो, आणि त्यासाठी चांगल्यातलं चांगलं झाड पाडायचं असतं. माझ्या बागेत बाबांच्या झाडाहून चांगलं दुसरं नव्हतं. घड आधी उतरवून घेतले, निम्मे तुझ्या नावाने वेगळे ठेवलेत. कुऱ्हाड घालताना जरा त्रास झाला. आता बांध मोकळा आहे, दोरी हवी तिथून धर.

ता. क. शेवटचा. बुंध्यालगत एक कोंब फुटलेला दिसला. तुझ्या बाजूला आहे. रोज पाणी घालतोय, पण म्हणून तो तुझा आहे असं समजू नकोस.