तळघरातली पुरातन भिंत

ट्रियर, रविवार

तीर्थरूप सेव्हेरिनदादा यांस,

धाकट्या बाल्टझरचा नमस्कार. (कंबर धरल्यामुळे उभ्यानेच.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरनं तुझी वाइन बंद केल्याचं कळलं, फार वाईट वाटलं. तुझ्या वाटची मी इथे पितोय, काळजी नसावी.

आमच्या मिरियमचं लग्न ठरल्याचं तुला ठाऊक आहेच. मुलगा गुणाचा, पण कोलोनचा. विहीणबाई फ्राऊ एडेलट्राऊट यांचा हट्ट, की लग्न कोलोनलाच व्हायचं. मिरियमला मात्र तिच्या आईचं झालं त्याच इथल्या चर्चमध्ये करायचंय. हिल्डे गेल्यापासून पोरीनं माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट, नाही कसं म्हणू? म्हटलं, बाईंना आपलं जुनं गाव दाखवू, आपोआप विरघळतील. कसल्या विरघळतात! रोमनांच्या काळातल्या काळ्या वेशीपुढे उभं केलं तर विचारतात, ही कुणी धूत नाही का? कॅथेड्रलमध्ये नेलं तर म्हणे छान आहे, पण आमचे मनोरे उंच. बाजारचौकातल्या लाल घरावर लिहिलंय ना, की ट्रियर रोमच्याही तेराशे वर्षं आधीचं, ते मी छाती फुगवून वाचून दाखवलं. तर म्हणाल्या, "लिहिणारा तुमच्याच गावचा ना?" वर रस्ता रिकामा बघून लाल सिग्नलला सरळ पलीकडे गेल्या. मी आपला अलीकडे उभा (आपण उभेच राहतो), आणि एक आजीबाई मलाच झापतायत, की पाहुणीला जरा वळण लावा.

शेवटी हात टेकले आणि घरी आलो. वाइन आणायला तळघरात उतरलो तर बाई मागोमाग. बटाट्यांच्या कोपऱ्यातली ती वाकडी भिंत बघून थबकल्या, चष्मा लावला. भिंतीवर नाव कोरलेलं, सेव्हेरिन! आता सेव्हेरिन म्हणजे कोलोनचे प्राचीन बिशप, तिथे त्यांच्या नावाचं चर्च काय, वेस काय. बाईंचे डोळे पाण्यानं भरले. म्हणाल्या, "म्हणजे हे घर आमच्या माणसानं उभारलंय. लग्न इथेच होईल." मी तोंड उघडणार, तोच मिरियमनं माझ्या पायावर पाय दिला. पोरगी हसत होती आणि रडतही होती. दादा, अगदी हिल्डेसारखी दिसली रे. मी तोंड मिटलं.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाल्टझर

ता. क. लग्न मे महिन्यात. तू यायचंच. मात्र शाळेत असताना ती भिंत तूच बांधलीस, ओल्या सिमेंटमध्ये खिळ्यानं नाव कोरलंस आणि बाबांनी तुझ्या थोबाडीत दिली, हे सगळं विसरून ये. लग्नापुरतं तुझं नाव थिओडोर.

आणखी एक. विहीणबाई भिंतीच्या दर्शनाला कोलोनहून बसभर माणसं आणतायत, पाद्रीबाबांसकट. तेव्हा सिमेंट आणि थापी घेऊन दोन दिवस आधीच ये. बिशपच्या नावाखाली तू कोरलेली मोटरसायकल अजून तश्शीच आहे. त्या दिवशी पुढे बटाट्याचं पोतं होतं म्हणून निभावलं.