यावलच्या पाच झडपा

जळगाव,
८ नोव्हेंबर २०२४

ती. आबा व आईस,

सविनय जयभीम. वि. वि. तुमच्या कानांना फोन सोसत नाही आणि आई निरोप सांगताना निम्मा गाळते, म्हणून पत्रच बरं. मी खुशाल आहे. मेसचं वरण तेवढं पाण्यासारखं असतं.

बातमी आहे. कडबाकुट्टी यंत्राच्या तोंडावर बसणारी एक झडप मी बनवली. वैरणीबरोबर हात आत गेला तर झडप उचलली जाते आणि रोलर तिथल्या तिथे थांबतो. हातमोज्यात काकडी भरून पन्नासदा आत ढकलून पाहिली, काकडी शाबूत. आपल्या भागात दरवर्षी किती बायकांचे हात जातात ते तुम्ही जाणताच.

आमच्या कारखान्याच्या बन्सीलालशेठनी पाठ थोपटली आणि झडप बाजूला ठेवायला सांगितली. म्हणाले, हे बाजारात आणलं तर धुळ्याचे लीलाधरशेठ गप्प बसणार नाहीत. स्वतःचाच चांगला माल काढायला कारखानदार का घाबरतो? लीलाधरशेठकडे तुम्ही तीस वर्षं फिटर होतात, तुम्हीच सांगा.

माया आहे तशी राहू द्या.

तुमचा,
प्रशील


धुळे,
१५ नोव्हेंबर २०२४

चि. प्रशीलास,

अनेक आशीर्वाद व जयभीम. पत्र पावलं. इकडे बठ्ठं ठीक शे. घरचा पंखा दुरुस्त करताना गल्लीची वीज घालवणारा मुलगा झडप बनवतो, हे ऐकून तुझी आई आधी हसली, मग डोळे पुसत बसली.

शेठ का घाबरतो ते सांगतो. जळगाव, यावल, भडगाव, धरणगाव, धुळे, जिथे बन्सीलाल तिथे लीलाधर. दोघांची गाठ एकाच बाजारात असती तर नवं काढणारा पुढे गेला असता. पण इथे एकाने यावलला पाय पुढे टाकला की दुसरा भडगावला गळा धरतो. पंधरा वर्षांमागे आमच्या शेठने नवं यंत्र काढून धरणगाव काबीज केलं, तर तुझ्या शेठने थेट धुळ्यात भाव पाडले. वर्षभर पाचही गावांत तेच. दोन्हीकडची मिळून साठ माणसं घरी बसली, शेजारचे रुपचंदनानाही. तेव्हापासून कुणी कुणाच्या वाटेला जात नाही. कागद नाही, करार नाही, नुसता धाक. त्या धाकावरच माझी नोकरी टिकली आणि तुझा डिप्लोमा झाला, हेही विसरू नकोस.

तब्येतीला जप. घरची आठवण ठेव.

तुझे,
आबा


जळगाव,
२० जानेवारी २०२५

ती. आबा व आईस,

सविनय जयभीम. वि. वि. तुम्ही सांगितलेलं कळलं होतं, तरी मनाला पटेना. डिसेंबरात यावलला गेलेल्या पाच यंत्रांवर मी झडपा बसवून दिल्या. तिथले विक्रेते रतिलालभाऊ सामील होते, शेठना पत्ता नव्हता.

त्यातलं एक यंत्र भिकुबाईंच्या घरी आहे. चार म्हशी, आणि वैरण घालणारी त्यांची सून मयुरी. ती म्हणाली, आधी श्वास रोखून उभी राहायचे, आता गाणं म्हणत कुट्टी करते. आबा, इतका आनंद मला निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

यावलला लोक झडपेचंच यंत्र मागू लागले आणि बोंब धुळ्याला पोचली. लीलाधरशेठनी यावलला काहीच केलं नाही. भडगाव, धरणगाव आणि खुद्द जळगावात एका दिवसात भाव पाडले. बन्सीलालशेठनी मला बोलावलं. रागावले नाहीत. म्हणाले, पाचही झडपा तू स्वतः काढून आण, म्हणजे धुळ्याला समजेल. नाही काढल्यास तर पुढच्या महिन्यात तीस माणसं कमी करीन, आणि त्यांची नावं तुलाच वाचायला लावीन.

काय करू? लगेच कळवा.

तुमचा,
प्रशील


धुळे,
२४ जानेवारी २०२५

चि. प्रशीलास,

अनेक आशीर्वाद व जयभीम. काढून टाक.

मी ती साठ माणसं गेटबाहेर उभी पाहिली आहेत. तीस घरांच्या चुली एकीकडे आणि जो अजून झालाच नाही तो अपघात दुसरीकडे. इतकी वर्षं लोकांनी झडपेवाचून वैरण कापलीच ना? जपून काम करा म्हणून सांग आणि ये. दिवस बदलतील तेव्हा पुन्हा बसव. आईचंही हेच म्हणणं आहे. जेवत जा.

तुझे,
आबा


जळगाव,
९ मार्च २०२५

ती. आबा व आईस,

सविनय जयभीम. २९ जानेवारीला मी पाचही झडपा काढल्या. मयुरीने कारण विचारलं, तेव्हा सुधारून परत बसवतो असं खोटं बोललो. आठवड्यात सगळीकडचे भाव होते तिथे आले. एकही माणूस कमी झालं नाही. कारखान्यात पेढे वाटले, मीही खाल्ला.

गेल्या मंगळवारी मयुरीचा उजवा हात मनगटापर्यंत गेला.

मी दवाखान्यात जाऊन आलो. भिकुबाई म्हणाल्या, झडप लागल्यापासून पोरीची भीती मोडली होती, हात तसाच सैल पडला. खरंच आहे, आबा. झडपेने तिची भीती नेली आणि मी नुसती झडप परत नेली.

शेठनी लिहून मागितलं की यंत्र कारखान्यातून निघालं तसंच होतं, चूक बाईची. मी यावलच्या पोलीस ठाण्यात जाऊन लिहून दिलं की झडप होती, ती चालत होती, ती मी माझ्या हातांनी काढली आणि कुणाच्या सांगण्यावरून काढली. दुसऱ्या दिवशी शेठनी ओळखपत्र काढून घेतलं.

आईला हळूहळू सांगा.

तुमचा,
प्रशील


धुळे,
१५ मार्च २०२५

चि. प्रशीलास,

अनेक आशीर्वाद व जयभीम. आईला पत्र जसंच्या तसं वाचून दाखवलं. काल म्हणाली, पोराने लिहून दिलं ते बरं केलं.

मी लीलाधरशेठकडे गेलो होतो. वाटलं, ज्या झडपेला ते इतके भ्याले तिचा कारागीर आयता मिळतोय, ते हसत घेतील. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला. मग माझ्या कानांमुळे कागदावर लिहून दाखवलं की बन्सीलालशेठचा माणूस आम्ही घेत नाही आणि आमचा ते घेत नाहीत. खाली लिहिलं, देवचंद, वाईट वाटून घेऊ नका. पाचही गावांत हेच ऐकायला मिळेल. तेव्हा खोली सोड आणि घरी ये. पुढचं मिळून पाहू.

घरी येण्याआधी मात्र थांब. मी सोमवारच्या गाडीने जळगावला उतरतो. तिथून आपण दोघं यावलला जाऊ. तू काढल्यास, पण काढ असं मी लिहिलं होतं. त्या पोरीला ते माझ्या तोंडून कळायला हवं. ती जे बोलेल ते ऐकून घेऊ.

आमची माया तुझ्यावर आहे, हे मनात धर.

तुझे,
आबा