वामन सर ताबडतोप भायर यावे

चिखली,
सोमवार

श्रीयुत भाऊराव यांस,

चिखलीहून आपला साडू वामन याचा कमरेपर्यंतचा नमस्कार (त्याहून खाली वाकण्यास डॉक्टरांची मनाई आहे, आणि साडूला साष्टांग घालावा असे कुठल्याही ग्रंथात मला आढळलेले नाही). गुडघा कसा आहे? तुम्ही त्याला एरंडाची पाने बांधून दुकानात बसता आणि गिऱ्हाईक ते नवे वाण समजून चौकशी करते, असे समताताईंकडून कळले. खरे असल्यास लिहावे. इकडे सर्व क्षेम आहे, असे लिहिण्याची पद्धत आहे म्हणून लिहितो.

पत्र घरी न पाठवता तुमच्या बियाण्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवले, याचे नवल वाटू देऊ नये. फोन केला असता तर तो इकडे योगिनीने आणि तिकडे समताताईंनी ऐकला असता, आणि दोन सख्ख्या बहिणींच्या मध्ये सापडलेल्या वाक्याचे पुढे काय होते हे तुम्ही माझ्याहून चार वर्षे अधिक भोगले आहे. शुक्रवारी इथल्या नव्या थिएटरात मी काय केले, याची एक आवृत्ती तुमच्या घरी पोचलीच असेल. तिच्यात पुष्कळ प्रक्षिप्त आहे. मूळ संहिता खाली देत आहे.

झाले असे, की हर्षलने सिनेमा काढला. हर्षल म्हणजे माझा जुना विद्यार्थी, मूळचा जानेफळचा, इथे मामाकडे राहून शिकला, आणि संस्कृतात त्याला ‘देव’ शब्द द्विवचनापर्यंतच चालवता येत असे. तो आता पुण्यात असतो. त्याने स्वतः लिहून, स्वतः दिग्दर्शन करून आपल्या शाळेच्या दिवसांवर सिनेमा काढला, आणि मला दोन पास पाठवले. सोबत मोबाईलवर निरोप: ‘सर, नक्की या. तुमची आठवण ठेवली आहे.’ भाऊराव, हे वाक्य तुम्ही दोनदा वाचा. मी चाळीसदा वाचले. श्लेषाचे इतके भयंकर उदाहरण अलंकारशास्त्रात नाही. त्यात पोस्टरवर एक मास्तर, चष्म्याचा, हात वर उचललेला. तो हात आशीर्वादाचा की चपराकीचा, हे कळू नये इतपत चित्रकाराने तो बरोबर मध्ये थांबवला होता.

मला भीती कशाची, ते आधीच सांगून टाकतो. सत्तावीस वर्षांपूर्वी मी या हर्षलच्या कानाखाली वाजवली होती. कारण आम्हा दोघांनाच ठाऊक. गावात मला लोक ‘सर’ म्हणतात, चहाच्या टपरीवर मी गेलो की तोंडातली शिवी गिळतात, एवढीच माझी तीस वर्षांची कमाई आहे. ती तो पडद्यावर, शंभर लोकांसमोर, पार्श्वसंगीतासह काढून घेणार, असे मला वाटू लागले. आठ दिवस जेवण गेले नाही. (योगिनी म्हणते, गेले. पण ती भाकऱ्या मोजते, मी चव मोजतो.)

मुळात सिनेमा आणि भीती हे माझ्यापुरते वेगळे पडलेच नाहीत. तुम्ही अकोल्याचे, तुमचे सिनेमे छपराखाली झाले. आमचे अमडापूरला जत्रेतल्या तंबूत झाले. पडद्यासमोर मोठी माणसे बसत आणि पडद्याच्या मागे आम्ही पोरे. कापडातून चित्र आरपार दिसे, फक्त उलटे. नट सगळे डावखुरे, घड्याळे उजव्या मनगटाला, आणि नावे उजवीकडून डावीकडे. सहावीपर्यंत माझी अशी समजूत होती की मुंबईत माणसे डाव्या हाताने जेवतात. आईने दटावले तेव्हा तिला मी तसा पुरावाही दिला होता. पण तंबूतली खरी भीती वेगळी. मधेच जनरेटर बंद पडे, डोळ्यांत बोट घातले तरी दिसू नये असा काळोख होई, आणि पुन्हा उजेड येईपर्यंत आपल्या शेजारी बसलेला माणूस मघाचाच आहे की बदलला, याची खात्री कोणी देऊ शकत नसे. मी हात धरून ठेवीत असे. एकदा उजेड आला तेव्हा तो हात म्हणजे शेळीचा पाय निघाला.

पुढे चिखलीला नोकरी लागली तेव्हा इथे टॉकीज एकच होती, म्हणून तिला कोणी नावाने हाक मारीत नसे. (आता तिथे सोयाबीनची पोती असतात. परवा डोकावून आलो. थप्पी पार बाल्कनीपर्यंत गेली आहे, हाऊसफुल्ल.) खुर्च्यांत ढेकूण होते आणि ते प्रत्येक खेळाला शेवटपर्यंत बसत. रिळे खामगावहून एसटीने येत; गाडी चुकली की खलनायकाने उगारलेला चाकू तासभर तसाच उगारलेला राही, आणि लोक मधल्या वेळात घरी जाऊन जनावरांना चारा टाकून परत येत. पण ढेकूण आणि चाकू या दोहोंहून मी भीत असे ते काचेला. सिनेमा चालू असताना बाहेर कोणासाठी निरोप आला, की ऑपरेटर महादेवराव काचेच्या तुकड्यावर काडीने, काजळीच्या शाईत अक्षरे लिहीत, आणि ती काच यंत्रापुढे सरकवीत. नायिकेचा चेहरा पुसला जाई आणि तिथे मजकूर उमटे: अमक्या गावचे अमके, बाहेर या. चांगल्या बातमीसाठी कोणी काच लावीत नसे. ‘अमडापूरचे’ एवढी अक्षरे दिसली की टॉकीजभर विखुरलेली आम्ही अमडापूरची माणसे श्वास धरून बसत असू, आणि पुढचे नाव दुसऱ्याचे निघाले की तो सोडत असू. दुसऱ्याच्या घरी काही झाले म्हणून सुटकेने सोडलेला तो श्वास मला अजून ऐकू येतो.

तर सत्तावीस वर्षांपूर्वीचा मंगळवार. मुख्याध्यापकांना दाढ दुखते असे सांगून मी दुपारच्या खेळाला बाल्कनीत बसलो होतो. सिनेमा आईचा होता. (नाव सांगत नाही, आईचे सगळे सिनेमे एकच असतात. बाल्कनीत धूळ फार, म्हणून रुमाल हाताशी होता.) आणि आई खाटेवर पडून मुलाला जवळ बोलावते आहे तोच पडदा पांढरा झाला आणि अक्षरे आली: ‘संस्क्रूतचे वामन सर ताबडतोप भायर यावे. शाळेत साहेब आले.’ शिक्षण खात्याचे साहेब अचानक तपासणीला आले होते आणि शाळेचा शिपाई माझी दाढ बरोबर ओळखून होता. भाऊराव, प्राण कंठाशी आले होते, तरी ‘वामन सर’ इथे तृतीया हवी, ‘सरांनी’ असे हवे, हे मनात आल्यावाचून राहिले नाही. काचेचा उजेड पांढराफेक असतो. त्यात सगळी टॉकीज उजळली आणि खालच्या बाकांवरच्या माना वर वळल्या. उठलो तर मीच वामन सर. न उठलो तर वामन सर कोणीही. मी बसून राहिलो. काच तीनदा लागली. तिसऱ्यांदा महादेवरावांनी ‘लवकर’ हा शब्द वाढवला, तो मात्र शुद्ध होता. (साहेब मला न भेटताच गेले. पण दाढेचा पुरावा म्हणून पुढे मला एक चांगली, निरोगी दाढ उपटून घ्यावी लागली. डावीकडे चावत नाही ते तेव्हापासून.)

त्या वळलेल्या मानांत एक हर्षलची होती, इयत्ता नववी. दुसऱ्या दिवशी भर वर्गात मी त्याला काल कुठे होतास असे विचारले, तर म्हणाला, ‘पिक्चरले गेलतो सर. तुम्ही होतेच ना वर.’ वर्ग हसला. मी वाजवली. उद्धटपणाबद्दल. एवढीच हकिकत आहे, आणि ती मी योगिनीला आणि आता तुम्हाला अशी दोघांना अक्षरशः सारखीच सांगितली आहे.

आता शुक्रवार. नवे थिएटर कॉम्प्लेक्सच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. आत गारठा असा की उन्हाळ्यातही मृताची कळा येते. ढेकूण नाहीत, हे मी स्वतः पाहून घेतले. खुर्चीला बटण आहे. दाबले की पाठ मागे जाते, पाय वर येतात, आणि मनुष्य अंधारात उताणा पडतो. त्या अवस्थेत कोणाला सिनेमा सुचत असेल तर तो योगी म्हटला पाहिजे. माझ्याकडून बटण दाबले गेले आणि पाय खाली कसे आणायचे ते कळेना, म्हणून मी तसाच राहिलो. चहूकडे माझे जुने विद्यार्थी. बरोबर मागे गणेश, मोबाईलच्या दुकानाचा. तो खांद्यावर वाकून म्हणाला, ‘सर, आज तुमचाच पिक्चर हाय म्हणते. मजा येईन.’ मी हसलो. उताण्या माणसाचे हसणे कसे दिसते, ते योगिनीने तुमच्याकडे वर्णन केले असेलच.

सिनेमातला मास्तर आला. मिशी माझी, पिशवी माझी, आणि दर दुसऱ्या वाक्याला ‘म्हणजेच’ तेही माझेच. लोक हसत होते. (ते हसणे वाईट नव्हते, असे योगिनीचे मत. ती स्वतः एकदाच हसली, पण प्लुत, तीन मात्रा लांबवून.) मग मास्तर टॉकीजमध्ये गेला. बाल्कनीत बसला. रुमाल काढला. मला पुढचे सगळे दिसू लागले आणि मी बटण चाचपडू लागलो. तेवढ्यात पडद्यावरचा पडदा पांढरा झाला, सगळे थिएटर उजळले, आणि तीच अक्षरे, त्याच काजळीत, त्याच ‘ताबडतोप’सकट माझ्यासमोर उभी राहिली. पोराला ‘देव’ चालवता आला नाही, पण महादेवरावांच्या चुका त्याने काना-मात्रेसह पाठ ठेवल्या होत्या.

मी उठलो. म्हणजे उठण्यास प्रारंभ केला, कारण ती खुर्ची घूं घूं करीत, आपल्या सवडीने माणसाला सरळ करते. योगिनीने सदरा ओढला. मागून गणेश म्हणाला, ‘सर, थे पिक्चरमंधी हाय. बसा ना बाप्पा.’ त्याचे म्हणणे तर्काला धरून होते, पण माझे पाय तोवर पायरीवर होते. सत्तावीस वर्षे उशिरा का होईना, मी आज्ञा पाळली. उजेडात मला ओळखून लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे सर्व हर्षलने मुद्दाम ठरवून बसवले आहे अशी त्यांची समजूत झाली. बाहेर दारावरचा पोरगा म्हणाला, ‘काका, इंटरवल व्हायचा हाय अजून.’ मी त्याला म्हणालो, शाळेत साहेब आले आहेत. आणि रिक्षा करून घरी आलो.

असो. मी घाबरून पळालो असे समताताई सांगत असतील तर ते खरे नाही. मला गार हवा सोसत नाही. गुडघ्याला जपावे, एरंड बदलून निर्गुडी लावून पाहावी, आणि लोभ जेवढा आहे तेवढा तरी राहू द्यावा.

आपला,
वामन

ता. क. – मूळ काम वर लिहायचे राहिले. हर्षलचा काल फोन आला. येत्या रविवारी तो आमच्याकडे जेवायला येतो आहे. ‘पिक्चर कसा वाटला थे समोरासमोर सांगा सर,’ असे म्हणाला. मी अर्धाच पाहिला, हे त्याला ठाऊक नाही. तो सिनेमा तुमच्या अकोल्यातही लागला आहे. गुडघा जमेल तसा घेऊन दुपारच्या खेळाला जावे आणि मध्यंतरानंतर मास्तराचे काय होते ते पाहून यावे. इथे मी पुन्हा गेलो तर लोक पुन्हा टाळ्या वाजवतील. उत्तर शाळेच्या फोनवर, मधल्या सुट्टीत द्यावे. फोन शिपाई ऐकतो, म्हणून मास्तर मारत असेल तर ‘तूर’ म्हणावे, मारत नसेल तर ‘हरभरा’. समताताईंना यातले काही कळू नये.

दुसरा ता. क. – योगिनी शेवटपर्यंत बसली होती. तिला सगळे माहीत आहे. घरी आली तेव्हा डोळे लाल होते. विचारले तर म्हणते, ‘तुम्ही जाऊन पाहा.’ तीन दिवस तेच. समताताईंना तिने सांगितलेच असणार, तेव्हा त्यांना कळू नये ही अट मागे घेतो. पण त्यांच्याकडून ऐकलेले मला नको. तुम्हीच जा.

तिसरा ता. क. – हा भाग वाचून फाडून टाकावा. वर्ग हसला नव्हता. तिथे वर्गच नव्हता. मधल्या सुट्टीत पोर व्हरांड्यात एकटे माझ्याकडे आले, कोणी नाही असे बघून घेतले, आणि हळूच म्हणाले, ‘सर, तुम्हाले भी रडू आलं का?’ त्याची आई त्याच साली गेली होती. मला ते माहीत होते. हजेरीपटात पालक म्हणून मामाचे नाव मीच लिहिले होते. भाऊराव, आपल्या वऱ्हाडीत ‘भी’ म्हणजे सुद्धा. संस्कृतात ‘भी’ म्हणजे भय. त्याने पहिल्या अर्थाने विचारले आणि मी दुसऱ्या अर्थाने उत्तर दिले. तेव्हा तूर-हरभरा राहू द्या. सिनेमातल्या पोराच्या तोंडी हर्षलने तो ‘भी’ ठेवला आहे का, तेवढे नीट कान देऊन ऐका आणि कळवा. ठेवला असेल तर मला रविवारची भीती वाटते. गाळला असेल तर त्याहून जास्त.