आभाच्या चुड्याच्या दिवशी फुटलेल्या सहा बांगड्या

नाशिक, मंगळवार

ती. शकुवन्सं यांना कुसुमचा वाकून नमस्कार.

गुडघे कसे आहेत? सायखेड्याच्या थंडीत तेल लावून उन्हात बसता ना? आम्ही बरे आहोत, म्हणजे मी बरी आहे आणि तुमचे बंधू चार दिवस गप्प आहेत. सिन्नरच्या लग्नघरात दिवाकरने स्वतःच्या बायकोच्या बांगड्या फोडल्या, हे तुमच्यापर्यंत पोचलं आणि तुम्ही त्यांचा फोन घेणं बंद केलंत. वन्सं, ते खरं आहे. पण आधी नीट ऐका.

माझ्या डाव्या मनगटावरचा फिस्टुला तुम्ही पाहिला आहे. (तुम्ही त्याला गांडूळ म्हणाला होतात, मी विसरलेले नाही.) डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून धमनीला शीर जोडलेली. काहींचा वर्षभरातच बंद पडतो, माझा अकरा वर्षं टिकला आहे. तो गेला तर दुसरी जागा नाही, उजव्या हाताच्या शिरा केव्हाच संपल्या. मग मानेत नळी. म्हणून त्या हाताला पिशवी नाही, घड्याळ नाही, बांगडी नाही. रोज सकाळी हे त्यावर दोन बोटं ठेवतात, आतली घरघर लागली की "चालू आहे" म्हणतात (जणू नळाला पाणी आलं), आणि मगच चहा टाकतात.

तर नवऱ्यामुलीच्या, आभाच्या चुड्याला चतुराबाई कासारीण आली. भारी बोलकी बाई. माझा डावा हात तिच्या हातात कसा गेला कळलंच नाही, आणि सहा हिरव्या बांगड्या चढल्यासुद्धा. जेवणं होईपर्यंत मनगट सुजलं. यांनी बोटं ठेवली. मग भर पंगतीत वाकून कान लावला. चेहरा पिठासारखा पांढरा. "कुसुम, बंद आहे."

साबण झाला, तेल झालं, बांगड्या हलेनात. फोडायला कोणी पुढे येईना. चतुराबाई म्हणाली, मी सवाशिणीला भरते, फोडत नाही, आणि टोपली उचलून निघाली. आभाच्या आजी म्हणाल्या, लग्नघरात 'फोडा' म्हणू नका, 'वाढवा' म्हणा. (म्हटलं. तरी कोणी वाढवेना.) शेवटी यांनी मांडववाल्याची पक्कड आणली, खाली पंच्याची घडी सरकवली. आजी किंचाळल्या तेव्हा एवढंच म्हणाले, "काकू, मी इथे उभा आहे. अपशकुन झालाच तर आधी मला कळेल."

मुंगीही न मारणारा माणूस, वन्सं. सहाही फोडल्या.

नाशिकपर्यंत गाडीत त्यांची बोटं माझ्या मनगटावर. ड्रायव्हरला रेडिओ बंद करायला लावला, पंखा बंद करायला लावला, शिंदे गावाशी तर गाडीच थांबवायला लावली. तिथे घरघर लागली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर गुठळी कायमची बसली असती. मग आम्हा दोघांना शाळकरी मुलांसारखं रागावले.

तुमची,
कुसुम

ता. क. फोन घ्या त्यांचा. पत्र त्यासाठीच.

ता. क. २. चतुराबाईने उजवा हात मागितला होता. डावा मीच पुढे केला. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर रोज प्रार्थनेनंतर हात पुढे करायला लावत आणि बांगडी दिसली की काढून घेत. दहा वर्षं मोकळे हात, आणि आता ही अकरा. परत एकदा दोन्ही हिरवे बघायचे होते. यांना सांगू नका.

ता. क. ३. मागे उभं राहून वाचत होते. म्हणाले, "हात पुढे करताना पाहिलं होतं मी. तुझा चेहरा बघितला, आणि थांबवलं नाही." चार दिवसांचं गप्प बसणं ते हे. आता फोन घ्याल तेव्हा रागवायचं असेल तर दोघांना रागवा. आम्ही स्पीकरवर असू.