कापलेलं लग्न

आसेगाव, ता. मंगरूळपीर

प्रिय संघदीप,

'प्रिय' लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, लगेच फुगून जाऊ नकोस. पत्र शुद्ध भाषेत लिहायचं ठरवलं आहे. तुझ्या सिनेमात मी वऱ्हाडी बोलले तर पुण्यातल्या लोकांना म्हणे ते फार गोड वाटलं. आता कोणाला गोड वाटावं अशी माझी इच्छा नाही. फोन करता आला असता, पण फोनवर तू मध्येच तोंड घालतोस आणि मला पूर्ण बोलायचं आहे. पत्ता तुझ्या लांब सिनेमाच्या शेवटी मिळाला. त्या सिनेमाचा एवढा तरी उपयोग झाला.

होय, पाहिला मी तो. 'दिग्दर्शकाची खरी आवृत्ती' असं वर मोठ्या अक्षरात लिहिलं आहेस. म्हणजे पाच वर्षांपूर्वी आम्ही अख्खं गाव टेम्पो करून कारंज्याला जाऊन पाहून आलो, ती काय खोटी होती का रे? बाया डबे बांधून आल्या होत्या. पडद्यावर आपली म्हैस दिसली की माणसं शिट्ट्या मारत होती. तो सिनेमा दोन तासांचा होता आणि उगीच खोटं कशाला बोलू, बरा होता. ऊसतोडीला निघालेली पोरगी, म्हणजे मी, तिचा ट्रक, मागे राहिलेली सासू, सगळं भराभर चालायचं. आताचा तीन तासांच्याही वर गेला. म्हैस पाणी पिते ती पीतच राहते. तुरीतून वारा जातो, तो काही केल्या जातच नाही. पारावरचा म्हातारा विडी पेटवतो आणि ती विझेपर्यंत तुझा कॅमेरा काही हलत नाही. माझी वहिनी सरिता सोबत पाहत होती. तिने तेवढ्यात चहा ठेवला, गाळला, पिऊन कपही धुतले आणि परत येऊन विचारलं, "विझली का विडी?" बऱ्याच ठिकाणी मला वाटलं की तू पहिल्यांदा कापलंस तेच बरं होतं. फक्त एक जागा सोडून, आणि ती कोणती ते तुला माहीत आहे.

पहिल्या सिनेमात पोरीचं लग्नच नाही. भिंतीवर हार घातलेल्या दोघांचा एक फोटो दिसतो, तो हलतो, आणि पुढच्या क्षणी ती सासरी चुलीपुढे बसलेली. थेटरात तुझी आई लिलाबाई माझ्या शेजारी बसली होती. तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं होतं, "काहून गं, हे लगन कुठी गेलं? पोरगी सासरी का उडून गेली?" लोक हसले. मी हसले नाही. मी तुझी बायको आहे की तुझ्या सिनेमातली एक बाई, एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर त्या फोटोमागे होतं आणि ते तू कापून पुण्याला घेऊन गेला होतास.

आता मी सांगते, तू ऐक. तू आमच्या घरी आलास, माझ्या बाबांपुढे मांडी घालून बसलास आणि म्हणालास, "काका, आपलं लगन शूटिंगमंदीच उरकून टाकू. मांडव तोच, जेवण तेच, लोकं तेच. कायले दोनदा खर्च?" माझे बाबा, पंजाबराव, ज्यांना आयुष्यात कोणी फसवलं नाही कारण त्यांनी कोणावर विश्वासच ठेवला नाही, ते तुझ्यावर भाळले. शिकलेला पोरगा हुंडा मागत नाही, मांडवाचा खर्चही मागत नाही. गावात आमंत्रणं गेली. तुझ्या माणसाने सांगितलं होतं की फक्त गर्दी करायला या, आहेर आणू नका. त्यावर लोकांना केवढा राग आला! लग्नाच्या मांडवात रिकाम्या हाताने जाऊन बुंदी खायची? आम्ही काय भिकारी? सगळे आहेर घेऊन आले. ताटं, पाण्याचे पितळी गुंड, साड्या. मला हळद लागली होती. दिग्दर्शक तूच, नवरदेव तूच, पांढऱ्या कपड्यांत इतका देखणा दिसत होतास की मला माझाच हेवा वाटला.

शूटिंगमध्ये आवाज नको म्हणून तू सगळ्यांचे मोबाईल टोपलीत गोळा करून घेतलेस. तेव्हा आम्हाला तेही भारी वाटलं. गावातली लग्नं लावणाऱ्या धम्मपालकाकांनी त्रिसरण पंचशील दिलं, प्रतिज्ञा म्हणून घेतल्या, हार घालायला लावले. तुझा कॅमेरावाला म्हणाला की आणखी एकदा घेऊ, उजेड कमी पडला. आणि काका त्याच्यावर असे उखडले की तो ट्रायपॉडसकट मागे सरकला. "त्रिसरण मी रोज म्हणीन बाबू, पण एका पोरीचं लगन दोनदा लावणार नाही. हे काय खेळ होय?" म्हणून ते सगळं एकाच दमात, न थांबता चित्रित झालं. तुझ्या त्या लांब सिनेमातला सगळ्यात नावाजलेला तुकडा धम्मपालकाकांच्या हट्टामुळे तुला मिळाला, आणि त्यांचं नाव तू शेवटी 'गावकरी' या शब्दात गुंडाळून टाकलंस.

मी तुमच्या घरात सून म्हणून राहिले. महिनाभरात पुण्याला नेतो म्हणालास. महिने गेले, सिनेमा आला, त्यात लग्न नव्हतं. बाबांनी तुला फोन केला, तो मी शेजारी बसून ऐकला. तू हसलास. म्हणालास, "काका, ते त शूटिंग होतं. तुमी खरंच समजले का?" बाबा नातेवाइकांकडे गेले, पंचांकडे गेले. सगळे म्हणाले की आम्हाला तर शूटिंगची गर्दी म्हणून बोलावलं होतं, खऱ्या लग्नाचा पुरावा काय? फोटो एकाकडेही नव्हता, नोंदणी आज करू उद्या करू म्हणत तू टाळली होतीस, आणि थेटरात सगळ्या जिल्ह्याने पाहिलं होतं की लग्न काही झालंच नाही. मी माहेरी परत आले. मंगरूळपीरहून एक स्थळ आलं. मुलाच्या मावशीने सगळ्यांसमोर विचारलं, पोरगी नांदून आली का फक्त ॲक्टिंग करून आली? बाबांनी त्या दिवसापासून पारावर बसणं सोडलं. गेल्या वर्षी ते गेले तेही घरातच, भिंतीकडे तोंड करून. तुला कळवलं होतं. तू 'भावपूर्ण श्रद्धांजली' एवढं टाइप करून पाठवलंस, आणि मग गावाच्या ग्रुपातूनही बाहेर पडलास, नंबरही बदललास.

तुझी आई मात्र बदलली नाही. मी तुमचं घर सोडलं तरी तिने मला सोडलं नाही. रस्त्यात भेटली की चारचौघांत "माही सून" म्हणायची. कोणी खाकरलं तर त्याच्या सात पिढ्या काढायची. मग मीच रोज जायला लागले. तिचं पाणी भरायचं, गोळ्या द्यायच्या, तिचा फोन लावून द्यायचा. तू उचलत नव्हतास तेव्हा ती फोनवरच्या त्या बाईलाच सांगायची की बाई, त्याले म्हणा जेवण करत जा. बाई कसली, रेकॉर्डिंग होतं. मी तिला ते कधी सांगितलं नाही.

असो. लांब सिनेमा इंटरनेटवर आला तेव्हा ती खाटेवरच होती, दम लागायचा, डोळ्यांनी धड दिसत नव्हतं. वहिनीसोबत पाहून झाल्यावर मी तो पुन्हा मोबाईलवर, तिच्या उशीला टेकवून लावला. म्हशीला ती कंटाळली, वाऱ्याला कंटाळली, विडीच्या वेळी झोपली. मग धम्मपालकाकांचा आवाज आला आणि ती उठून बसली. अख्खं लग्न, संघदीप. हळदीच्या बोटांपासून बुंदीच्या पंगतीपर्यंत, कुठेही कात्री न लागलेलं. मी प्रतिज्ञा म्हणताना अडखळते ते आहे. बाबा डोळे पुसतात ते आहे. आणि सगळं झाल्यावर मी तुझ्याकडे वाकून हळूच विचारते, "आता घरी जायचं ना?", आणि तू माझ्याकडे न बघता कॅमेरावाल्याला म्हणतोस, "मिळालं." हेही तू ठेवलंस. खाली लोकांनी लिहिलं आहे की या शेवटच्या क्षणाने अंगावर काटा आला. येणारच की. तुझी आई म्हणाली, "पाह्य पोरी, आता पुरा झाला सिनेमा." तिला फक्त लग्न परत आल्याचा आनंद होता. त्यानंतर जोडलेली तुझी मुलाखत मी तिला ऐकू दिली नाही, आवाज बंद केला.

मी ऐकली, अगदी पूर्ण ऐकली. पाय पसरून बसला आहेस आणि सांगतो आहेस की मुलगी नटी नव्हती, म्हणून मी तिला आणि तिच्या घरच्यांना हे खरं लग्न आहे असं सांगितलं, त्याशिवाय चेहऱ्यावर ते येत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या! अरे मेल्या, मला वाटत होतं की तू आधी खरा होतास आणि मग पुण्याची हवा लागून बिघडलास. पाच वर्षं मी स्वतःला तेवढं तरी सांगत होते. दोन तासांच्या सिनेमात तू मला एक फोटो करून टाकलंस ते मी सोसलं. तीन तासांच्या सिनेमाने सांगितलं की मी त्याही आधीपासून फक्त चेहरा होते. बाबा तेव्हा जिवंत नव्हते हे बरं झालं.

पण एक गंमत तुझ्या लक्षात आली नाही. पुण्यात तुझा तो तुकडा कलाकृती असेल, इथे मंगरूळपीर तालुक्यात ते लग्न आहे. गावाने बसून पाहिलं. धम्मपालकाका, आहेर, साक्षीदार, सगळं एका दमात, आणि वर खुद्द नवरदेव कबूल करतो आहे की सगळ्यांना खरं म्हणूनच सांगितलं होतं. ज्या पंचांनी बाबांना हाकलून लावलं होतं तेच घरी आले, मान खाली घालून. मी दुसऱ्याच दिवशी माझी पेटी उचलली आणि तुझ्या घरी राहायला गेले. तू मला न्यावंस म्हणून नव्हे रे. तू नकोसच आहेस. घर हवं होतं, नाव हवं होतं, आणि म्हातारीजवळ कोणी तरी हवं होतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते लिहिते. तुझी आई गेली. पुण्याला तुझ्या लांब सिनेमाचा तो मोठा खेळ होता ना, त्याच दिवशी दुपारी गेली. सकाळपासून विचारत होती, येऊन राह्यला का तो? मी सांगितलं, निघाला, कारंज्यापर्यंत आला. ती "जेवला का" म्हणाली आणि मग काही बोलली नाही. तुझा नवा नंबर तिच्या फोनशिवाय गावात कोणाकडे नव्हता, आणि फोन माझ्या हातात होता. मी लावला नाही. अंगणात येऊन लोकांना सांगितलं की लावला, तो म्हणाला शो सोडून येता येत नाही, तुमीच उरकून घ्या. कोणाला शंकासुद्धा आली नाही, इतकं ते तुला शोभलं. अग्नी मी दिला, पुण्यानुमोदनाचा विधी मी केला, सून म्हणून. बायांनी तुझ्या नावाने बोटं मोडली. धम्मपालकाका म्हणाले की त्याले आता या गावात कोणी पाणी पाजू नये. तू येशील हे वाचून, मला ठाऊक आहे. धावत येशील, पारावर उभा राहून छाती बडवशील, शपथा घेशील की मले कोणी कळवलंच नाही. खरं बोलत असशील तू, आयुष्यात पहिल्यांदा. हे पत्र काढून दाखवशील, तर म्हणतील हेही त्यानेच सिनेमासाठी लिहून आणलं. रड मग लागेल तेवढं. सारे बसून पाहतील आणि म्हणतील, पाह्य कसा शूटिंग करून राह्यला.

तुझीच, आणि आता तर साऱ्या गावासमोर तुझीच,
रत्नमाला