चोरणीची रास

गुरुजी, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि आता तुमच्यावर मनापासून रागावलेली मी एकटीच उरले असेन. बाकीच्यांनी तुम्हाला कधीच चांगलं म्हणून टाकलं. मेलेल्या माणसाला तेवढी सवलत मिळतेच. मी ती देणार नाही. तुम्ही शिकवायचात त्याच शाळेत, तुमच्याच खुर्चीत आज मी बसते. हे बघून तुमचा चेहरा कसा झाला असता, ते मला एकदा बघायचं होतं.

सड्यावरची, गावावरच्या त्या उघड्या कातळपठारावरची, धोंड्यांची रास आठवते ना? गाव तिला चोरणीची रास म्हणायचं. आमच्या वाडीतल्या कुणा बाईने देवीची नथ चोरली, पळताना देवीने तिला सड्यावर गाठलं आणि तिथल्या तिथे तिचा दगड केला. म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याने तिला एक धोंडा मारायचा. ही गोष्ट तुम्ही चौथीच्या वर्गात सांगितलीत. सांगायचात मात्र झकास. ती बाई नथेला हात घालणार, त्याच्या आधी तुम्ही थांबलात, खडू टेबलावर ठेवलात, आणि आम्ही श्वास रोखून बसलो. गोष्ट संपली तेव्हा सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघत होता, कारण बौद्धवाडीतली मी एकटीच. त्या दिवसापासून मी 'चोरणीची' झाले. पाण्याच्या पिंपाजवळ, खेळात, प्रार्थनेच्या रांगेतसुद्धा.

आमच्या घरी ती गोष्ट वेगळी होती. पूर्वी मयताची खबर गावोगाव पोचवायचं काम आमच्याच माणसांवर असायचं. नवरा तापाने फणफणलेला, म्हणून ती बाई भर वैशाखात सडा ओलांडून खबर घेऊन गेली. पलीकडच्या गावाने खबर ऐकून घेतली, पण विहिरीपासून लांब उभ्या राहिलेल्या तिच्या ओंजळीत पाणी ओतायला कुणी आलं नाही. परत येताना ती कातळावर पडली ती उठलीच नाही. सड्याच्या कातळात खड्डा खणता येत नाही, म्हणून वाडीच्या माणसांनी तिला धोंड्यांनी झाकलं. मला घेऊन तिथून जाताना आजी वहाणा काढायला लावायची, हातात एक धोंडा द्यायची आणि म्हणायची, "हलूच ठेव गो बाय, टाकू नुको. तिला लागल." मी वर्गात उभी राहून हे सगळं सांगितलं. तुम्ही हसलात. "तुझी आजी कितवीपर्यंत शिकली गो?" एवढंच विचारलंत, आणि वर्ग तुमच्यासोबत हसला.

पुढे थोड्याच दिवसांनी तुम्ही आम्हाला वनभोजनासाठी सड्यावर नेलंत. सगळी पोरं नेम धरून धोंडे मारतायत आणि मी वहाणा काढून, वाकून माझा धोंडा ठेवतेय. मागून तुमचा आवाज येतो, "ठेवतेस काय? फेक!" मी धोंडा सोडत नाही. मग तुम्ही माझं मनगट धरता, हात मागे ओढता आणि माझ्या हाताने तुम्ही तो फेकता. धोंड्यावर धोंडा आपटल्याचा तो आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही. आजीला मी काही सांगितलं नाही. तिला वाईट वाटलं असतं.

हल्ली मांडवीच्या किनाऱ्यावर फिरून झालं की पाहुणे गाड्या घेऊन कातळशिल्पं बघायला आमच्या सड्यावर येतात, आणि रास दिसली की विचारतात, हे काय? सांगायला गाव मला बोलावतं. मी आजीची गोष्ट सांगते. पण तिला मी एक शेपूट जोडलंय, गुरुजी. पुढे एक मास्तर होता, त्याने एका पोरीचं मनगट धरून त्या बाईला धोंडा मारायला लावला; म्हातारपणी त्याचा तोच हात लुळा पडला, पाण्याचा पेलासुद्धा उचलवेना. तुमचा उजवा हात शेवटी गेला होता हे गावाला ठाऊकच होतं; तो का गेला, तेवढं मी पुरवलं. तुमचं नाव मी घेत नाही, गरजच पडत नाही. शाळेतल्या पोरांनी ती गोष्ट घरोघर नेली, आणि आता चांगली जाणती माणसंही छातीठोकपणे सांगतात की आम्ही हे लहानपणापासून ऐकतोय. चोरणीचं नाव कुणी काढत नाही. काढलं तर मास्तराचंच काढतात.

गेल्या मे महिन्यात तुमचा मुलगा मुंबईहून आला होता, तुमच्या नातीला घेऊन. पाहुण्यांच्या घोळक्यात मागे उभं राहून त्याने सगळं ऐकलं. माणसं पांगल्यावर माझ्याजवळ आला. "बाई, ती मास्तरांची गोष्ट खरी आहे?" डोळे अगदी तुमचे. मी म्हटलं, "माझी आजी सांगायची." त्याने चपला काढल्या, मुलीलाही काढायला लावल्या, आणि दोघांनी एकेक धोंडा हलकेच राशीवर ठेवला. तापलेल्या कातळावर त्याचे पाय भाजत होते. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

हे पत्र कुठे धाडायची सोय नाही, आणि असती तरी मी धाडलं नसतं, कारण एक गोष्ट तुम्हाला कळू द्यायची नाही. आजी तुमचा हात जायच्या कितीतरी आधी वारली. आणि मास्तर त्या पोरीचं मनगट धरणार, त्याच्या आधी मी थांबते, हातातली पाण्याची बाटली खाली ठेवते, आणि सगळे श्वास रोखून उभे राहतात. ते मी तुमच्याकडून शिकले, गुरुजी.