अण्णाचं रद्द झालेलं विमान

प्रिय अण्णा,

पुण्याला पोचल्याचा तुझा मेसेज आत्ता वाचला आणि जीव भांड्यात पडला, म्हणून हे लिहितेय. पाठवणार नाही. पाठवलं तर तू पुन्हा विमानात बसायचा नाहीस.

संहितेच्या लग्नाच्या आदल्या दिवशी ब्लाउज आणते सांगून मी घरातून निघाले, ती थेट हँगरमध्ये गेले. लँडिंग गिअरमधली, चाकं तोलून धरणारी पिन तपासायची सक्तीची सूचना आली होती, आणि त्या विमानाची तपासणी माझ्याकडे होती. पिनेला केसाएवढी चीर निघाली. तेच विमान संध्याकाळी तुला पुण्याहून आणणार होतं, हे मला ठाऊक होतं. मामा नसेल तर माझ्या लेकीला बोहल्यावर कोण आणणार? तरी विमान सोडायची सही मी केली नाही, आणि ते रद्द झालं.

तू रात्रभर बसमध्ये अवघडून, चुरगळलेल्या शर्टात, मुहूर्ताला जेमतेम पोचलास. भाचीचा हात धरून मांडवात येतानाही तुझं चालूच होतं, "कोण तो बिनडोक इंजिनिअर?"

मी म्हटलं, "सरी, बरं अण्णा, स्वल्प हळू बोल. भटजी बघतायत." मनातून मात्र इतकं गार वाटत होतं! शिव्या द्यायला तू समोर उभा होतास.

आज त्याच विमानाने परत गेलास. नवी पिन मी उभी राहून बसवून घेतली होती. आणि तू लिहितोस, "वेळेवर पोचलो. त्या इंजिनिअरला अक्कल आली वाटतं."

आली रे, अण्णा.

तुझी बिनडोक,
पद्मजा